चार हजारांचा मोबाईल, अकरा महिने: तुरुंगाऐवजी दुसरं काही देता येईल का?

पक्षकार

तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. कामं बहुतेक दिवाणी: वाटणी, बांध, भाडेकरू. विधी सेवेच्या पॅनेलवर नाव असल्याने ज्यांना वकील परवडत नाही त्यांची फौजदारी कामंही अधूनमधून येतात. त्यातलं २०२२ चं एक काम डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

बावीस वर्षांचा पोरगा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला, टोळी परत गेली, हा इथेच राहिला. एका घराच्या ओसरीतून चार्जिंगला लावलेला मोबाईल उचलला. पंचनाम्यात किंमत चार हजार. संध्याकाळी बाजारात विकायला गेला आणि सापडला. मोबाईल महिन्याभरात सुपूर्तनाम्यावर मालकाकडे परत. आधीचा एकही गुन्हा नाही. पण चोरी राहत्या घरातली, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३८०.

जामीन आठवड्यात मंजूर झाला, पंधरा हजारांचा आणि ऐपतदार जामीनदारासह. गाडी अडली ती इथे. ऐपतदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती आहे असा माणूस. याची आई बीड जिल्ह्यात, तिच्या नावावर रेशनकार्डाशिवाय काही नाही. मुकादमाला फोन केला, त्याने उचल फिटली नसल्याचं ऐकवलं. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडा म्हणून अर्ज दिला, तो 'आरोपी स्थानिक रहिवासी नाही' म्हणून फेटाळला. जामीन मंजूर असलेला माणूस अकरा महिने आत राहिला. शेवटी मीच त्याला सांगितलं, कबूल कर. 'भोगली तेवढी शिक्षा' असा आदेश झाला आणि तो त्याच संध्याकाळी सुटला. खटला चालला असता तर तो आणखी दोन वर्षं आत असता आणि कदाचित निर्दोष सुटला असता.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत 'सामुदायिक सेवा' ही नवी शिक्षा आली आहे. लोक म्हणतात, बघा, पर्याय आला. मला वाटतं, पर्याय चुकीच्या दारावर येऊन उभा राहिलाय. किरकोळ गुन्ह्यातला माणूस आपल्याकडे शिक्षा म्हणून तुरुंगात जातच नाही. तो शिक्षेच्या आधी जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकड्यांत देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. त्यात खून-दरोड्यातलेही आहेत, मान्य. पण मी ज्यांच्याबद्दल बोलतोय तेही त्यातच आहेत.

जाणकारांनी लिहावं. माहीत नसलेल्यांनीही लिहावं, कारण जामीनदार म्हणून उभे राहणारे किंवा न राहणारे शेवटी तुम्ही-आम्हीच.

---

मनमौजी

म्हणजे आता चोराला निबंध लिहायला लावायचा? ३०० शब्दांत? पुणेकर अजून विसरले नाहीत.

---

गोदाकाठी

@मनमौजी, हा प्रतिसाद पहिल्या पाचात येणार हे ठाऊकच होतं. :)

---

पक्षकार

@मनमौजी, बरं झालं काढलंत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले. तो निबंध आणि वाहतूक पोलिसांबरोबरचे पंधरा दिवस या त्या मुलाच्या जामिनाच्या अटी होत्या, शिक्षा नव्हती, आणि तो आदेश काही दिवसांतच बदलला गेला. माझा धागा ज्यात कुणाच्या अंगाला हात लागला नाही अशा गुन्ह्यांपुरता आहे. पण त्या प्रकरणातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे काही तासांत जामीन झाला, कारण जामीनदार, वकील, कागद सगळं हाताशी होतं. माझ्या पोराला चार हजारांसाठी अकरा महिने लागले. राग यायचा तर या फरकाचा यावा.

---

कलमबहाद्दर

वकील आहे, मुंबईत. सामुदायिक सेवेबद्दल नेमकं लिहितो, म्हणजे चर्चा हवेत जाणार नाही.

न्याय संहितेत ही शिक्षा फक्त सहा ठिकाणी आहे: मनाई असताना लोकसेवकाने धंदा करणे (२०२), उद्घोषणा होऊनही हजर न राहणे (२०९), सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), पाच हजारांच्या आतली चोरी (३०३), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ (३५५) आणि बदनामी (३५६). चोरीतही अटी आहेत: दोषी ठरण्याची पहिलीच वेळ हवी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत गेलेली हवी.

चांगली बाजू अशी की अशी चोरी आता जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. पण पक्षकारांच्या पोराला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. राहत्या घरातली चोरी आता ३०५ मध्ये जाते, तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि सामुदायिक सेवा नाही. तोच मोबाईल रस्त्यावरच्या बाकावरून उचलला असता तर गोष्ट वेगळी. ओसरी की बाक, एवढ्यावर माणसाचं वर्ष ठरतं. आणखी एक गंमत पंचनाम्यातल्या किमतीची. दोन वर्षं वापरलेल्या फोनला कुणी ४,८०० लावतो, कुणी बिलाची किंमत बघून ९,००० लावतो. पाच हजारांची रेघ ही अशी लिहिणाऱ्याच्या पेनाच्या टोकावर असते.

किती तास सेवा करायची, कुणाच्या देखरेखीखाली, न केल्यास नेमकं काय, यातलं मूळ कायद्यात फारसं काही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम २३ मध्ये व्याख्या तेवढी आहे: समाजाच्या उपयोगाचं काम, ज्याचा मोबदला मिळणार नाही.

---

लेस्टरवाली

इथे इंग्लंडमध्ये नेमके तेच तास ठरलेले आहेत. विनावेतन कामाचा आदेश चाळीस ते तीनशे तासांचा असतो. आमच्या घरामागच्या कालव्याच्या कडेला शनिवारी सकाळी नारंगी जाकीट घातलेली मंडळी दिसतात, पाठीवर 'कम्युनिटी पेबॅक' लिहिलेलं. झुडपं कापतात, भिंती रंगवतात. बरोबर एक पर्यवेक्षक, त्याच्या हातात हजेरीचा कागद. दांडी मारत राहिलं की प्रकरण परत कोर्टात.

आमच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे म्युनिसिपालिटीचे लोक का?" मी सांगितलं, नाही, यांना शिक्षा झालीये. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग घरी जेवायला जातात का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "बरंय की."

नारंगी जाकिटावर मात्र इथेही वाद आहे. काहींना ती धिंड वाटते.

---

मनमौजी

@लेस्टरवाली, आपल्याकडे त्या हजेरीच्या कागदावर घरी बसून सह्या होतील. एमपीएससीची तयारी करणारं पोरगं सांगेल, 'साहेब, माझे ऐंशी तास टाका.' मनरेगाची हजेरीपत्रकं आठवा.

---

अण्णा_किराणा

मी इथे नेहमी फक्त वाचतो, पण यावर लिहितो, कारण चोरी माझ्या दुकानात झाली आहे. २०१९, दिवाळीच्या आधी. तेलाचे डबे, गल्ल्यातले आठ हजार आणि माझ्या वडिलांचं घड्याळ. दोन पोरं पकडली गेली.

वकीलसाहेब, तुम्ही आरोपीचं सांगता ते पटतं. पण फिर्यादीचं कुणी विचारत नाही. मी चार वेळा कोर्टात गेलो, दुकान बंद ठेवून. एकदा साहेब रजेवर, एकदा पंच आला नाही, एकदा आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, गाडी नव्हती म्हणे. घड्याळ मुद्देमालाच्या खोलीत दोन वर्षं पडून होतं. परत मिळालं तेव्हा बंद. पैसे आलेच नाहीत. पोरांना शेवटी काय शिक्षा झाली ते मला आजही माहीत नाही, कुणी कळवलं नाही.

ती आत होती म्हणून मला काय मिळालं? काहीच नाही. पण ती बाहेर मोकळी हिंडली असती तर मला झोप लागली नसती, हेही खरं. दोन्ही लिहितो.

---

पक्षकार

अण्णा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. घड्याळाचं वाईट वाटलं. मुद्देमाल लवकर सोडवायला अर्ज लागतो आणि तो अर्ज करता येतो हे फिर्यादीला कुणी सांगत नाही.

पैशांचं बोलायचं तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमात कलम ५ आहे. आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडताना कोर्ट त्याला फिर्यादीची भरपाई करायला लावू शकतं. महिन्याला पाचशे का होईना, पोरगं कमावून तुम्हाला आणून देतं. आत असलं तर कुठून देणार?

---

अण्णा_किराणा

महिन्याला पाचशे घेऊन ते पोरगं माझ्या दुकानाच्या पायरीवर आलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो, याचा विचार करतोय. बहुतेक चहा पाजला असता. किंवा शिव्या. दोन्ही.

---

निवृत्त_परिवीक्षा

या कायद्याचं नाव इथे निघालं आणि मला राहवेना. मी महिला व बालविकास खात्यात परिवीक्षा अधिकारी म्हणून एकोणतीस वर्षं काढली. तरुण वकिलांना हल्ली 'प्रोबेशन' म्हटलं की नोकरीचा उमेदवारीचा काळ आठवतो!

मुंबई इलाख्याचा स्वतःचा परिवीक्षा कायदा १९३८ सालचा. केंद्राचा वीस वर्षांनी आला. म्हणजे तुरुंगाबाहेरची शिक्षा हे २०२४ चं नवं पीक नव्हे, आमच्या मातीत ते केव्हाच पेरलं होतं, पाणी घालायचं राहिलं. कलम ३ म्हणजे ताकीद देऊन सोडणे. कलम ४ म्हणजे बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षं देखरेखीखाली. एकवीसच्या आतला आरोपी असेल तर कलम ६ प्रमाणे तुरुंगात टाकण्याआधी न्यायाधीशाने कारणं नोंदवायची आणि आमचा अहवाल मागवायचा. कलम १२ तर सोन्यासारखं आहे: अशा प्रकारे सुटलेल्यावर शिक्षेमुळे येणारी अपात्रता येत नाही.

आमचं काम काय? कोर्टाचं पत्र आलं की गावी जायचं. आईबापांना भेटायचं, शेजाऱ्यांना भेटायचं, शाळा सोडली असेल तर मास्तरांना. पोलीस पाटलाचं ऐकायचं पण त्यावर थांबायचं नाही. एक पोरगा विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची तार चोरायचा. अख्खं गाव त्याच्या विरोधात, आणि रास्तच, पाणी देण्याच्या दिवसांत मोटार बंद पडली की पीक जातं. मी घरी गेलो तर बाप अंथरुणाला खिळलेला, आणि तार विकत घेणारा भंगारवाला तालुक्यात राजरोस बसलेला. त्या दुकानदाराचं नाव एकाही फिर्यादीत नव्हतं. मी अहवालात हे लिहिलं. साहेबांनी एक वर्षाच्या बंधपत्रावर सोडला. अट एकच घातली: महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचं आणि मोटार रिवाइंडिंगचं काम शिकायचं. ज्या तारा तो तोडायचा त्याच गुंडाळायला लागला. आज त्याचं दुकान आहे.

हे सांगतो तसं दुसरंही सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी मी ज्याच्यासाठी शब्द टाकला तो दुसरा पोरगा दोन महिन्यांत पळाला आणि पुढच्या तालुक्यात घरफोडीत सापडला. साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावून फक्त एवढंच विचारलं, "अहवाल तुम्हीच लिहिला होता ना?" त्यानंतर बरेच दिवस माझे अहवाल पातळ झाले. नोकरीतल्या माणसाचं हे असं होतं. पोरगं सुधारलं तर कुणी विचारत नाही, बिघडलं तर सही शोधतात.

आणि वेळ कुठे होता? बालगृह, महिला वसतिगृह, निराधारांच्या योजना, निवडणुकीची ड्युटी. परिवीक्षा सगळ्यात शेवटी. काही महिन्यांत कोर्टाकडून एकही पत्र यायचं नाही.

---

गोदाकाठी

सर, तारेचा किस्सा _/\_

---

जुनी_खाकी

हवालदार म्हणून निवृत्त. सगळे पोलिसांवर येणार, त्याआधी मीच येतो.

बाहेरगावच्या आरोपीला सोडलं की समन्स बजावायला कोण जातं? आम्ही. पत्ता 'अमुक साखर कारखान्याच्या मागे, झोपडपट्टी'. तिथे गेलो तर झोपडपट्टीच उठलेली. खटला तसाच पडून राहतो आणि कोर्ट आम्हाला झापतं. म्हणून आम्ही जामिनाला विरोध करतो. दुष्टपणा नाही त्यात.

त्यापेक्षा पायात जीपीएसचं कडं घाला. माणूस कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल, तुरुंगही नको.

---

कलमबहाद्दर

@जुनी_खाकी, तुमची अडचण खरी आहे. पण जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हिटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गूगल मॅपवर जागा सतत कळवत राहण्याची जामिनाची अट रद्द केली. दोषी न ठरलेल्या माणसाच्या खाजगी आयुष्यात पोलिसांनी चोवीस तास डोकवायचं नाही, असा त्याचा रोख. कड्याचा विचार त्या चौकटीत करावा लागेल.

आणि बीडच्या आईवरून आठवलं. १९७८ चं मोती राम प्रकरण. गवंडी होता. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी यावर चांगलंच सुनावलं होतं. तुमचं काम २०२२ चं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली, अर्जावरचा शेरा तोच.

---

पालावरची_ताई

भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करते. पारध्यांच्या पालावर.

धाग्यात 'समाज' हा शब्द फार सहज येतोय. समाजाची सेवा, समाजाची देखरेख. कुठला समाज? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, ते १९५२ मध्ये कागदावर सुटले, गावाच्या नजरेतून अजून नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तिथे लोकांना गिरणीत कामाला न्यायचे, हजेरी घ्यायचे, सुधारणा म्हणायचे. 'तुरुंगाबाहेरची देखरेख' म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना ते कुंपण आठवतं. म्हणून नारंगी जाकिटाचं वाचून पोटात गोळा आला. गावच्या चौकात पारध्याच्या पोराला झाडू देऊन उभं केलं तर ती सेवा राहणार नाही, जत्रा होईल. मोबाईलवर शूटिंग होईल.

आणि कृपा करून कुणी जातपंचायतीचं नाव काढू नका. 'आमचं आम्ही मिटवू' याचा अर्थ मी बाईला उकळत्या तेलात हात घालायला लावण्यापर्यंत ऐकलाय. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्राला उगाच करावा लागला नाही.

तरी मी पर्यायांच्या बाजूनेच आहे. पालावरचा बाप आत गेला की काय होतं ते मी बघते. पहिल्या महिन्यात शेळी विकली जाते, वकिलाला. दुसऱ्या महिन्यात पोरगी शाळेतून निघते. आई आत गेली तर सहा वर्षांखालचं लेकरू तिच्याबरोबर आत जातं. पर्याय द्या, पण कागदावर नाव आणि काम एवढंच असू दे.

---

मनमौजी

हे वाचून माझा पहिला प्रतिसाद जरा उथळ वाटायला लागलाय. राहू द्या तरी, संदर्भासाठी.

गावपातळीवरचं तंटामुक्ती अभियान नव्हतं का? आर. आर. आबांनी २००७ ला सुरू केलेलं. त्याचं काय झालं?

---

जुनी_खाकी

तंटामुक्तीत बांधाची, भावकीची भांडणं खूप मिटली, मी स्वतः पाहिलंय. बक्षीस मिळायचं गावाला. पण बक्षिसासाठी काही ठिकाणी फिर्यादच येऊ दिली नाही, हेही पाहिलंय. बाईला नवरा मारतो, समिती म्हणते, 'मिटवा, गावाचं नाव जाईल.' समितीत कोण बसलंय त्यावर सगळं.

---

सह्याद्रीपुत्र

आपल्याकडे खुल्या तुरुंगांची मोठी परंपरा आहे हो. आटपाडीचं स्वतंत्रपूर! १९३९, औंध संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचा इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन. कैदी कुटुंबासह राहून शेती करायचे. तेच मॉडेल सगळीकडे न्या.

---

पक्षकार

@सह्याद्रीपुत्र, स्वतंत्रपूरचा अभिमान मलाही आहे, एकदा जाऊनही आलोय. पण एक विचित्र गोष्ट बघा. खुल्या कारागृहात जायला आधी शिक्षा लागावी लागते, मग बंद तुरुंगात काही वर्षं चांगली वागणूक दाखवावी लागते. त्यामुळे तिथे भेटतात ते बहुतेक जन्मठेपेचे. खुनातला माणूस मोकळ्या आभाळाखाली वांगी लावतोय आणि मोबाईलवाला पोरगा, दोषी न ठरलेला, शंभर जणांच्या बराकीत कुशीवर झोपतोय. कच्च्या कैद्याला हे दार बंद.

@पालावरची_ताई, तुमचं म्हणणं मान्य. म्हणून मी जामिनाच्या टप्प्याकडे बोट दाखवतोय. तिथे सेवाही नको, जाकीटही नको. माणूस तारखेला येईल एवढीच खात्री हवी, आणि ती सातबाऱ्यावरून मिळत नाही, माणसं ओळखून मिळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच करतो. सामाजिक कार्यकर्ता तुरुंगात जाऊन बसतो, घरच्यांना शोधतो, कागद गोळा करतो, तारखेची आठवण करतो.

काही दारं उघडलीही आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली, तेव्हा कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत होती. आणि पहिल्याच गुन्ह्यातला असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पण न्याय संहितेच्या ३०५ मध्ये सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने! माझा पोरगा त्याच्या आत कबूल करून मोकळा झाला.

---

अण्णा_किराणा

वकीलसाहेब, एक साधा प्रश्न. माझ्या नावावर दुकानाचा गाळा आहे, घरपट्टी भरलेली आहे. मी कुणा अनोळखी पोराला जामीनदार राहिलो आणि तो पळाला तर माझा गाळा जाईल का?

---

पक्षकार

गाळा सरळ जात नाही. तुम्ही जेवढ्या रकमेचं बंधपत्र लिहून दिलं, तेवढी रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस येते. तुम्ही हजर होऊन कारण सांगू शकता, कोर्ट रक्कम कमीही करू शकतं. नाहीच भरली तर मग जप्तीपर्यंत जातं. आणि मध्येच वाटलं की हा पळणार, तर जामीनदारकी काढून घ्यायचा अर्जही करता येतो. पण खरं सांगतो, कुणा अनोळख्यासाठी राहू नका. आधी त्याला भेटा, त्याच्या आईला भेटा.

---

निवृत्त_परिवीक्षा

अण्णा, आईला भेटायला जाणार असाल तर मला सांगा. गुडघे दुखतात, पण गाडीत बसून येईन. मला अजून विचारायचे प्रश्न पाठ आहेत: घरात कमावतं कोण, रात्री झोपायला कुठे, शेवटची मजुरी कधी मिळाली, आणि तारखेला कोर्टात यायला एसटीचं भाडं आहे का.

---

अण्णा_किराणा

शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. व्यक्तिगत निरोप केलाय.

---

गोदाकाठी

पक्षकार, त्या ऊसतोडीवाल्या पोराचं पुढे काय झालं?

---

पक्षकार

माहीत नाही. सुटला त्या दिवशी स्टँडवर सोडला. रात्रीची बीडची गाडी होती. मोबाईल नव्हता त्याच्याकडे, त्यामुळे नंबरही नाही.